दिवा तर लागतेच, साहेब

परतवाड्याच्या भगवंतराव वानखडेंकडे मुलीसाठी स्थळ आलं, तेव्हा मध्यस्थानं मुलाचं वर्णन एका दमात केलं. "घर अकोल्याचं, नाव स्वप्निल शिरसाट, एकुलता एक, निर्व्यसनी आणि सरकारी नोकरी."

"कोणत्या खात्यात?" भगवंतरावांनी विचारलं. ते एसटीत वाहक होते. खाती त्यांना बरीच ठाऊक होती.

"दीपगृहाच्या."

"म्हणजे काय करते तो?"

"समुद्रात जहाजाईले दिवा दाखवते."

भगवंतराव म्हणाले, "आपल्या वऱ्हाडातला पोट्टा समुद्रात दिवा दाखवते? अन् आपल्याकडं शेतात लाईन नाई."

आतल्या खोलीत बसलेल्या संध्याला हसू आलं. त्या हसण्यातच तिनं मनातल्या मनात होकार देऊन टाकला, असं ती आजही सांगते.

लग्नानंतर तिला कळलं की कोकणच्या किनाऱ्यापासून आत, समुद्रात एक काळा खडक आहे. लांबून तो पाण्यावर आलेल्या कासवाच्या पाठीसारखा दिसतो, म्हणून त्याला कासव्या म्हणतात. त्यावर इंग्रजांच्या काळातलं दगडी दीपगृह आहे आणि तिथं एका वेळी दोनच माणसं राहतात. दोन महिने खडकावर काढायचे, मग खात्याची बोट बदलीची माणसं घेऊन येते, की सुटी. बायकोला तिथं नेता येत नाही. पूर्वी नेता यायचं, आता नाही.

त्यामुळे संध्याचा संसार अकोल्यातच मांडला गेला. अकोट फैल वस्तीच्या बाजूला अरुंद गल्लीत दोन खोल्या, पुढे हातभर ओटा आणि सोबतीला सासू. सासूचं नाव पार्वताबाई. तरुणपणी विधवा झालेल्या या बाईनं जिनिंगमध्ये सरकी-कापसाच्या धुळीत आयुष्य काढून मुलाला शिकवलं होतं. तोंडानं फटकळ. सून नवीन असताना तिनं एकदाच काय ते समजावलं होतं, "हे पाय संध्ये, मले गोड बोलता येत नाई. म्या शिवी देली त समज का माया करून राहिली."

दोघींचं बरं जमलं. स्वप्निल यायचा, महिनाभर राहायचा, जायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "तुहा नवरा पाहुणाच हाय वो." संध्या म्हणायची, "पाहुणा हाय म्हणून त भांडण होत नाई."

मग मार्च महिन्यात करोनाची टाळेबंदी लागली आणि सगळं बंद झालं.

स्वप्निलची दोन महिन्यांची पाळी संपत आली होती. बोट येणार म्हणून त्यानं बॅग भरून ठेवली होती. बोट आली नाही. बदलीची माणसं आपापल्या गावात अडकली, बोटीवरचे खलाशी आपापल्या घरात. खात्याकडून निरोप आला की पुढची सूचना येईपर्यंत आहात तिथंच थांबा. पुढची सूचना पुढेच जात राहिली. तिकडे खडकावर स्वप्निल आणि त्याचा जोडीदार सहदेव. हा सहदेव मालवणकडचा, निवृत्तीला आलेला, बोलणं कमी आणि खोकणं जास्त. दोन माणसं, दोन खोल्या, एक मनोरा आणि चारी बाजूंनी पाणी.

इकडे अकोल्यात गल्लीत पहिला रुग्ण सापडला आणि महापालिकेच्या माणसांनी दोन्ही तोंडांना बांबू बांधले. बांबूंवर पत्रे ठोकले. दूधवाला पत्र्यावरून पिशव्या देऊ लागला. पार्वताबाई ओट्यावर बसून पत्र्याकडं पाहत म्हणाली, "पोट्टा तिकडं पाण्यात, आपुन इकडं टिनात."

खडकावर मोबाईलची रेंज फक्त एका जागी मिळायची. मनोऱ्याच्या माथ्यावर दिव्याच्या खोलीभोवती लोखंडी कठड्याचा सज्जा आहे, त्याच्या किनाऱ्याकडच्या अंगाला. रोज दुपारी जेवण झालं की स्वप्निल तिथं चढून फोन करायचा. पहिले काही दिवस जेवणाचं विचारण्यात गेले. मग तेही संपलं. जिथं काहीच घडत नाही, तिथलं माणूस रोज काय सांगणार? इकडे संध्या तरी काय सांगणार? पत्रा कालच्याच जागी होता.

एके दिवशी तो म्हणाला, "आज सांगायले काईच नाई. या दिवाघराचं सांगू काय?"

"मले काय करायचं दगडाचं?" संध्या म्हणाली.

"आयक त खरी."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. दीडशे वर्षांहून जास्त काळापूर्वी या खडकावर गलबतं आपटून फुटायची. भरतीच्या वेळी कासव्या पाण्याखाली अर्धा बुडतो, नवख्याला दिसतच नाही. माणसांनी भरलेलं एक मोठं जहाज फुटलं, तेव्हा कुठं इंग्रज सरकारला जाग आली. मनोरा बांधायचं ठरलं. पण खडकावर उभं राहायलाच जागा नव्हती, तिथं दगड घडवणार कसे? मग किनाऱ्यावरच दगड घडवले, एकेकावर आकडा कोरला, तिथंच मनोऱ्याचे थर लावून पाहिले, पुन्हा सोडवले आणि होड्यांतून खडकावर नेले. दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं आणि पावसाच्या आधी थांबायचं. पहिल्या वर्षीचं सगळं काम पावसाळ्यानं धुऊन नेलं. पाथरवट पळून गेले. दुसरे आणले.

"मंग?" संध्यानं विचारलं. तिच्या नकळत विचारलं.

"मंग उद्या," तो म्हणाला. फोनची बॅटरी त्याला जपून वापरावी लागे.

असा तो इतिहास रोज थोडा थोडा अकोल्याच्या गल्लीत येऊ लागला. संध्या फोन मोठ्या आवाजावर ठेवायची आणि पार्वताबाई डाळ निवडत ऐकायची. दिव्याची भिंगं फ्रान्समधून पेट्यांत गवत भरून आली, ते दोघींनी ऐकलं. आधी खोबरेल जाळायचे, मग रॉकेल आलं, तेही ऐकलं. पार्वताबाईला खोबरेलाचं वाईट वाटलं. दिवा फिरवायला भिंतीवरच्या घड्याळासारखं यंत्र होतं. त्याचं वजन जिन्याच्या पोकळीतून हळूहळू खाली यायचं, ते चावी फिरवून पुन्हा वर न्यावं लागायचं. म्हणून माणसं पाळीपाळीनं जागायची. पुढे वीज आली, डिझेलचं इंजिन आलं, आणि आता सोलरवर सगळं चालतं. अंधार पडला की दिवा आपला आपण लागतो, उजाडलं की आपला आपण विझतो.

"मंग तुमी दोघं तेथी काय करता?" पार्वताबाईनं लांबूनच ओरडून विचारलं.

स्वप्निल हसला. "पॅनल पुसतो, आई. पक्ष्याईची घाण काढतो."

सगळ्यांत जास्त लक्षात राहिला तो बावट्याचा भाग. जुन्या काळी रखवालदार बायकामुलांसह खडकावर राहत. पावसाळ्याचे चार महिने होडी जात नसे. तेव्हा रोज सकाळी सज्ज्यावर पांढरा बावटा लावायचा, म्हणजे किनाऱ्याला कळे की सगळे ठीक आहेत. कुणी आजारी असलं तर लाल. एका पावसाळ्यात लाल बावटा लागला आणि कितीतरी दिवस तसाच फडकत राहिला. किनाऱ्यावरची माणसं रोज पाहायची, पण त्या लाटांत होडी घालायची कुणाची छाती झाली नाही. समुद्र शांत झाल्यावर गेले, तेव्हा रखवालदाराच्या बायकोला पुरून बरेच दिवस झाले होते. खडकावर माती असलेल्या एवढ्याशा जागेत तिची कबर अजून आहे. दगडावर नवऱ्याचं नाव कोरलंय आणि त्याखाली फक्त 'याची बायको'.

"बाईचं नाव नाई?" संध्यानं विचारलं.

"नाई."



मे अखेरच्या उन्हात पार्वताबाईला ताप आला. दोन दिवस तिनं अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी बोलताना दम लागू लागला. कापसाच्या धुळीनं छाती आधीच पोखरलेली. पत्र्यापलीकडे रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. अंगभर पांढरे कपडे घातलेली दोन माणसं आत आली. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. पार्वताबाई आपल्या पायांनी चालत निघाली, दारात थांबली आणि सुनेला म्हणाली, "त्याले सांगू नको."

"आई, असं कसं..."

"अवो, सांगून काय करशीन? तो पोहून येईन काय? जीव जाळत बसन त्या दगडावर. नको सांगू."

गाडी गेली. संध्याच्या दारावर विलगीकरणाचा कागद चिकटला, आणि घरात ती एकटी उरली. बांबूंनी बांधलेल्या गल्लीतलं बंद घर. माहेर तीन तासांवर, पण परतवाड्याहून कुणी येऊ शकत नव्हतं. भगवंतराव फोनवर नुसते "बाई, बाई" म्हणायचे आणि फोन आईच्या हातात द्यायचे.

दुपारी स्वप्निलचा फोन आला. "आई कोठी हाय?"

"झोपली हाये," संध्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेली होती. तिसऱ्या दिवशी शेजारी बसायला. तिसऱ्या दिवशी शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की गल्लीत कुणी कुणाकडं बसायला जात नाही, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. त्यानं लगेच फोन ठेवला. मग त्यानं चुलतभावाला, कुलदीपला फोन लावला. कुलदीपच्या पोटात काही राहत नाही. त्यानं सगळं सांगितलं, वर भर घातली, "काकूले ऑक्सिजन लावला हाय. काई खरं नाई म्हणतात."

पुढचा फोन संध्याला आला, तेव्हा त्याचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "तू मले खोटं सांगतलं! माही माय मरून राहिली अन् तू म्हणते झोपली?"

"आईनंच..."

"मी येथी कोंडलो हाये म्हणून काय मले काईच सांगाची गरज नाई? मी काय मेलो काय?"

"मंग मी काय करू?" संध्याही ओरडली. "मी बाहेर हाये काय? माह्या दाराले कागद लावला हाये! तुमाले समुद्र तरी दिसते, मले समोरची भित दिसते!"

बोलणं तिथंच तुटलं. कुणी तोडलं की रेंज गेली, हे दोघांनाही सांगता येणार नाही. पुन्हा बोलणं व्हायच्या आतच, जूनच्या सुरुवातीला वादळ आलं.

टीव्हीवर कोकणातली उडालेली छपरं, आडव्या झालेल्या नारळी-पोफळी दाखवत होते. संध्या त्या चित्रांत एक काळा खडक शोधत होती. फोन लागत नव्हता. किनाऱ्यावरचे मोबाईलचे मनोरे पडले, तारा पडल्या. खडकावरचा बिनतारी संदेशाचा संच पण मुका झाला होता. तिनं स्वप्निलच्या कार्यालयाचा नंबर मिळवला आणि लावत बसली. शेवटी एका साहेबांनी उचलला.

"ताई, काळजी करू नका," साहेब म्हणाले. "काल संध्याकाळी किनाऱ्यावरून पाहिलंय, कासव्याचा दिवा लागला आहे."

संध्या म्हणाली, "दिवा तर लागतेच, साहेब. तो आपोआप लागते. माणूस हाये का नाई, ते सांगा."

साहेब चांगला माणूस होता. त्यानं पुन्हा तेच वाक्य म्हटलं नाही. तो म्हणाला, "खरं आहे ताई. ते मलाही माहीत आहे. आम्ही इथं रोज संध्याकाळी दिवा बघतो, आणि त्यावरून काहीच कळत नाही."

"मंग जुन्या वक्तासारखा बावटा लावत जा म्हणा."

"आता बावटा नाही हो तिथं," साहेब ओशाळून म्हणाला. "पण मी दुर्बीण देऊन माणूस बसवतो."

ते दिवस संध्यानं कसे काढले, ते तिलाच ठाऊक. सकाळी सरकारी दवाखान्यात फोन करायचा, सासूचं विचारायचं. दुपारी कार्यालयात फोन करायचा, नवऱ्याचं विचारायचं. मधल्या वेळात ती भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. लाल बावटा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तो बघणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांचा तिला आधी राग आला होता. आता वाटत होतं, बिचारे रोज येऊन बघत तरी होते.

एका दुपारी साहेबांचाच फोन आला. आवाजात घाई होती. "ताई, सज्ज्यावर कपडे वाळत घातलेले दिसले. आपल्या माणसानं दुर्बिणीतून पाहिले. काल नव्हते, आज आहेत."

संध्यानं विचारलं, "किती माणसाईचे हाये?"

"तेवढं नाही दिसत ताई."

तेवढं दिसलं नाही, तरी त्या दिवशी ती जेवली.

त्याच आठवड्यात पार्वताबाई घरी आली. वाळून अर्धी झालेली, पण तोंड शाबूत. गल्लीचे पत्रे निघाले होते. बायकांनी लांबून टाळ्या वाजवल्या तर म्हणाली, "टाया कायच्या वाजवता? म्या काय खेळ करून आली काय?" ओट्यावर बसून तिनं दम घेतला आणि पहिला प्रश्न केला, "पोट्ट्याले कयलं काय?"

संध्यानं सगळं सांगितलं. कुलदीपचं, भांडणाचं, वादळाचं.

"म्हणजे तो समजते का म्या मेली?"

संध्यानं तिला पाणी आणून दिलं.

निरोप धाडायचा कसा? फोन बंद, पावसाळा लागलेला, होडी जात नाही. मग संध्याला आठवलं की खडकावर सहदेवचा एक छोटा रेडिओ आहे आणि त्यावर दुपारी किनाऱ्यावरच्या आकाशवाणीचा फर्माईशीचा कार्यक्रम लागतो. तिनं तिथला नंबर शोधला. कितीतरी वेळा लावल्यावर लागला. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "बोला, कोणतं गाणं ऐकायचं आपल्याला?"

"गाणं नको ताई, एक निरोप द्याचा हाये," संध्या म्हणाली आणि थोडक्यात हकीकत सांगितली. निवेदिका लगेच म्हणाली, "बोला, बोला, द्या निरोप."

पार्वताबाईनं फोन हिसकून घेतला आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "स्वप्निल! अबे, म्या जित्ती हावो! घरी आली! जेव बराबर!"

ते कोकणात किती घरांत ऐकू गेलं कोण जाणे. खडकावर मात्र गेलं नाही. सहदेवच्या रेडिओचे सेल वादळाआधीच संपले होते. हे नंतर कळलं.

जुलैत पावसानं जरा उघडीप दिली आणि एका धाडसी तांडेलानं खात्याची बोट खडकाला लावली. धान्य उतरवलं, फोनची रेंज पकडायला अँटेना बसवला, आणि भरती चढायच्या आत परत फिरला. बदलीची माणसं उतरवायला वेळच मिळाला नाही. त्या दुपारी संध्याचा फोन वाजला.

"बरी हायेस काय?" स्वप्निलचा आवाज घोगरा झाला होता, बोलायची सवय मोडल्यासारखा.

"हाये. तुमी?"

"हावो. सहदेवभाऊही बरे हायेत. खोकला वाढला त्याईचा. तुह्याकडं धान्य हाये? गल्ली खुली झाली काय? तुह्या घरचे बरे हायेत?"

त्यानं सगळं विचारलं. परतवाड्याचं विचारलं, शेजाऱ्यांचं विचारलं, नळाला पाणी येतं का विचारलं. आईचं विचारलं नाही. संध्याला आधी नवल वाटलं, मग एकदम उमगलं. तो मुद्दाम विचारत नव्हता. त्याच्यापुरतं ते सगळं होऊन गेलं होतं.

तिनं फोन सासूच्या कानाला लावला.

पार्वताबाई शेजारी बसून सगळं ऐकतच होती. ती म्हणाली, "साऱ्या दुनियेचं इचारलं. माहं काहून इचारत नाई बे?"

पलीकडे वारा तेवढा ऐकू येत होता. मग धप्प असा आवाज झाला आणि सहदेवचा म्हातारा आवाज आला, "बसलो हा तो खाली. थांबा वायच. रडता हा."

स्वप्निल परत आला तो गणपती उठल्यावर, समुद्र नीट उघडल्यावर. दाढी वाढलेली, रंग खडकासारखा. दारात आला आणि आईला पाहून जागीच थांबला. पार्वताबाईनं हात पुढे केला, तर त्यानं तो नुसता हातात धरला. पुढे कितीतरी दिवस तो आईकडं चोरून पाहायचा, जसं काही ही बाई आहे तीच की दुसरी, याची खात्री करतोय. संध्याला हे समजत नव्हतं. एके दिवशी तिनं विचारलं.

तो म्हणाला, "मी तिले पोचवून देलं होतं, संध्या. तेथी बुद्धवंदना घेतली, गेलेल्या माणसासाठी करतात तसं तिच्या नावानं पुण्यानुमोदन केलं. सहदेवभाऊनं राहलेल्या साखरेची खीर केली. त्या बाईच्या कबरीजोळ एक दगड लावला आईच्या नावाचा. महिनाभर रडलो, मंग शांत झालो. आता आई समोर बसून भाकर खाते अन् मले आनंद व्हायले वेळ लागून राहिला."

संध्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. खोटं बोलल्याबद्दल तिनं माफी मागितली नाही आणि ओरडल्याबद्दल त्यानंही नाही. ते भांडण त्या दोघांनी पुन्हा उकरलं नाही.

पुढे खात्यानं कासव्यावरची माणसं कायमची काढून घेतली. दिव्याला आता माणूस लागत नाही. तपासणीला अधूनमधून बोट जाते, तेवढंच. स्वप्निलची बदली किनाऱ्यावरच्या एका दीपगृहात झाली. तिथं राहायला दोन खोल्या मिळाल्या, अंगणात आंबा आहे, तिकीट काढून पर्यटक येतात आणि स्वप्निल त्यांना इतिहास सांगतो. बायकोला नेता येतं. तो आग्रह करकरून थकला.

पण पार्वताबाईची छाती त्या आजारातून पुरती सावरलीच नाही. चार पावलं चालली की धाप लागते. कोकणातली दमट हवा तिला मानवणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर म्हणाले नसते तरी ती गेली नसती. "एकडाव मले माह्या घरातून नेलं," ती म्हणते, "आता मेल्यावरच नेजा." आणि सुनेला रोज सांगते, "तू जाय वो. नवऱ्याजोळ राय. मी रायतो एकटी."

मागच्या उन्हाळ्यात संध्या खरंच निघाली होती. आठ दिवसांसाठी. शेजारच्या आशाबाईंना सासूजवळ झोपायला सांगितलं होतं, गाडीचं आरक्षण झालं होतं. निघायच्या सकाळी पार्वताबाई मोरीपर्यंत गेली आणि भिंत धरून उभीच राहिली, ओठ निळे पडलेले. दवाखान्यातून संध्याकाळी दोघी परत आल्या. गाडी केव्हाच गेली होती. संध्यानं बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात लावल्या.

स्वप्निल अजून दुपारीच फोन करतो. आता सज्ज्यावर चढावं लागत नाही, आंब्याखाली बसून बोलतो. परवा सांगत होता, पर्यटकांतली एक मुलगी विचारत होती, काका, इथं एकटं राहून कंटाळा येत नाही का?

"मंग काय सांगतलं?" संध्यानं विचारलं.

"सांगतलं, येते. या महिन्यात जमन काय तुले?"

"पायतो," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर आतून पार्वताबाईनं विचारलं, "काय म्हणते पोट्टा?"

"ये म्हणते."

"मंग जाय ना वो."

संध्या आत गेली. ओट्यावर सावली आली होती. तिनं सासूच्या बगलेत हात घालून तिला उठवलं, आणि दोघी एकेक पाऊल थांबत थांबत दाराकडं निघाल्या.